जपानी कंपनीसाठी बोललेला नवस

माझी नात अमरावतीत घरी बसून जपानच्या एका कंपनीसाठी व्हिडिओ गेमची चित्रं काढते. कॉम्प्युटर ती अकोल्याला शिकली, जपानी भाषा मोबाइलवर. मी चौथी पास. तिच्या कामातलं मला काही कळत नाही, पण त्या कंपनीचा इतिहास पाठ आहे. भाजी निवडायला बसली की पोरगी दुसरं काही बोलतच नाही.

कंपनी म्हणजे मालक, त्याची बायको, एक मित्र आणि आमची पोरगी. मालक आणि मित्र मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून एका लहान गावात न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत बसले. स्वतःचे खेळ करायचे होते, पण वर्षानुवर्षं दुसऱ्यांचेच करत राहिले. कधी मासे धरायचा खेळ, कधी गाड्यांच्या शर्यतीचा. निघायचा तो दुसऱ्या कंपनीच्या नावाने. हे मला लगेच समजलं. लग्नाआधी मी लोकांच्या वावरात कापूस वेचला आहे. गठाणीवर वेचणारीचं नाव कोणी लिहीत नाही.

मग एकदाचा त्यांनी स्वतःचा खेळ करायला घेतला. एक म्हातारी नाव वल्हवते, माणसं आणि बकऱ्या नदीपार नेते. बकऱ्या आमच्या पोरीने काढल्या, शेजारणीच्या पाहून. शेजारणीने मोबाइलवर आपली बकरी ओळखली आणि गल्लीभर सांगत फिरली. मी खेळून पाहिला, तर सगळ्या बुडाल्या.

मधे काम फार रखडलं होतं. तेव्हा दर्यापूरकडच्या आमच्या वावरातल्या मारुतीला मी नवस बोलले होते. पोरीच्या कंपनीच्या नावाचा खेळ निघू दे, रोडग्यांचं जेवण करीन.

खेळ निघाला. फारसा कोणी घेतला नाही. मी नवस फेडायचा दिवस ठरवला, आणि नेमका त्याच दिवसांत मालक जपानहून अमरावतीला आला.

वावरात जायच्या सकाळी मी कणीक मळत होते. पोरगी जवळ येऊन बसली.

"आजी, तो मले कामावरून काढाले आला."

"त्यानं सांगितलं?"

"नाही. पण असं काही ते फोनवर सांगत नाहीत, तोंडावर येऊन सांगतात. आता पुन्हा दुसऱ्यांचेच खेळ करतीन. त्यातली चित्रं तेच लोक देतात, मंग चित्रं काढणारी कायले पाहिजे?"

"काढू दे. जेवून काढन," मी म्हटलं. "परात धर."

वावरात गोवऱ्या पेटल्या. निखारे झाल्यावर मी त्यात कणकेचे रोडगे भाजायला घातले, वरून राख ओढली. पांढरा शर्ट घातलेला जपानी पाहुणा काळ्या मातीत मांडी घालून बसला आणि धूर तोंडावर येत असला तरी हलेना. तिकडे वांग्याची भाजी शिजत होती. एवढ्यात माझ्या पोराला अक्कल सुचली.

"माय, खेळ तं विकल्या गेला नाही. मंग नवस कायचा फेडून राहिली तू?"

"मी मारुतीले काय म्हटलं होतं? निघू दे म्हटलं. विकू दे म्हटलं होतं काय? निघाला ना! आता देवाले नवा भाव सांगू?"

"पण फायदा काय झाला?"

"तुले पोटभर रोडगे भेटून राहिले, हा फायदा. गप बस."

पाहुण्याने नातीला विचारलं, हे का भांडतात. तिने सगळं सांगितलं. मग त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. लाल, गोल बाहुली, हातपाय नाहीत, एकच डोळा. त्यांच्याकडे काही मागताना एक डोळा रंगवतात आणि मिळालं की दुसरा. या कंपनीवाल्यांनी मागितलं होतं, आपल्या नावाचा एक खेळ. खेळ चालला नाही म्हणून दुसरा डोळा तसाच राहिला होता.

पोराकडे बोट दाखवून मी पाहुण्याला म्हटलं, "हाही तुयाच जातीचा दिसते."

नातीने हे मला न विचारता जपानीत सांगितलं. पाहुणा असा हसला की त्याला ठसका लागला. त्याने तिथूनच जपानात बायकोला व्हिडिओ कॉल लावला. तिने आमच्यासमोर ब्रश घेऊन डोळा रंगवला. जरा तिरपाच झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा पोरगा सगळ्यात जोरात.

मग जेवणं झाली. पाहुण्याने रोडग्यावरची राख फुंकली, तूप ओतून घेतलं आणि पुन्हा पुन्हा मागून खाल्लं.

परतताना जीपमध्ये तो झोपून गेला. मी नातीला विचारलं, "काय म्हणे मंग?"

"बाहुलीचं झालं, आता नवी आणा लागते म्हणे. नवी आणली की नवं काही मागा लागते."

"अन् तू?"

"सोमवारपासून नवा खेळ सुरू. मले झाडं काढाले सांगितली."

"मंग काढ," मी म्हटलं. ती खिडकीकडे तोंड करून हसत होती, आणि जीप खड्ड्यात आदळली तरी पाहुणा काही उठला नाही.