ब्लेडबाईंचे आठ सेकंद

रेडिओ केंद्रात त्यांना सगळे ब्लेडबाई म्हणत. नाटकातला पाऊस, दारावरची थाप, वर घिरट्या घालणारं विमान, असले आवाज जिथे बनत त्या खोलीत त्या एकट्याच बाई. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण दाढीचं ब्लेड असायचंच. आवाज टेपवर घ्यायचा, टेप तिरकी कापायची, तुकडे उलटसुलट जोडायचे, की झाला नवा आवाज. टेपची दोन टोकं जोडून ते वेटोळं खुर्चीच्या पायाभोवतून फिरवलं की तोच आवाज पुन्हा पुन्हा वाजे. दहा सेकंदांसाठी आठवडा जाई आणि साहेब दारातून विचारत, "काय, झालं का शिवणकाम?" बाई ब्लेड चालवत राहत.

एकदा विज्ञानाच्या कार्यक्रमासाठी सुरुवातीची धून हवी होती. "आकाशातून आल्यासारखी. माणसाचा आवाज वाटता कामा नये," साहेबांनी बजावलं. बाईंनी आपल्या चार वर्षांच्या मुलीला माईकसमोर स्टुलावर उभं केलं आणि 'आ' म्हणायला सांगितलं. पोरगी म्हणाली, मग हसत सुटली. बाईंनी हसू कापलं. आवाजाची सुरुवातही कापली, कारण आवाज कुणाचा ते कान सुरुवातीवरूनच ओळखतो, हे त्यांना कामातून कळलं होतं. उरले दोन सेकंद. ते चौपट हळू करून आठ केले आणि खाली यंत्राची गुणगुण भरली. ऐकून साहेबांनी तोंडात बोट घातलं. लेकराचा आवाज आहे हे सांगूनही कुणाला पटेना. बाईंना त्याचा कोण आनंद!

नवी टेप मिळायची मारामार. म्हणून वर्ष संपलं की जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरायच्या, असा नियम होता. बाकीचे लोक बेरकी. चार पुसायचे आणि आवडत्या चाळीस कपाटामागे दडवायचे. बाई पडल्या नाकासमोर चालणाऱ्या. त्यांनी मुलीची मूळ टेपही पुसली, हसण्याच्या तुकड्यासकट. घरात ती दिवसभर बडबडत होती, कान किटायचे. तिचा आवाज जपून कशाला ठेवायचा?

दोन महिन्यांत मुलगी मेंदूच्या तापाने गेली.

बाईंनी केंद्रातलं कपाट न् कपाट उपसलं. आवाजाच्या खोलीत आयुष्य काढलेल्या बाईकडे स्वतःच्या लेकीचा एक शब्द नव्हता. पुढे कार्यक्रम बंद पडला आणि ती धूनही पुसली गेली. या वेळी दुसऱ्या कुणीतरी.

चाळीस वर्षांनी त्यांची भाची फोन घेऊन आली. ती डबिंगच्या स्टुडिओत कामाला होती. "मावशी, हे ऐक. सध्या जिकडेतिकडे हेच वाजतंय." नाचाचं गाणं होतं, छाती दणाणून सोडणारं. त्या दणदणाटाखाली एक लांब, गार सूर पुन्हा पुन्हा फिरत होता. बाईंनी तो पहिल्या फेरीतच ओळखला. त्यांचीच धून होती.

भाचीने गाणं बनवणाऱ्याला लिहिलं. उत्तर लगेच आलं, आणि फार आदराचं. 'माझ्या वडिलांनी ही धून रेडिओवरून कॅसेटवर घेतली होती. मी ती ऐकतच वाढलो. आज आम्ही सगळे हेच तर करतो: आवाज कापायचा, फिरवायचा, त्यावर लोकांना नाचवायचं. कॉम्प्युटर आता ते चुटकीसरशी करतो, पण वाट तुमची. मूळ धून सोबत पाठवतो. गाण्यावर कुणाचं नाव टाकू?'

"माझं नाव घेऊन काय करायचंय?" बाई म्हणाल्या. "तू मला त्यातून माझी पोरगी काढून दे."

भाची दोन दिवस हात धुवून त्या कामाच्या मागे लागली. गुणगुण उपसून काढली, वेग चौपट केला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने मावशीला स्टुडिओत नेऊन खुर्चीत बसवलं आणि तिच्या कानांवर हेडफोन चढवले. आठाचे पुन्हा दोन सेकंद झाले होते. आवाज लख्ख होता, अगदी कोवळा.

बाईंनी तो एकदा ऐकला, दोनदा ऐकला. डोळे मिटून ऐकला. दहा-बारा वेळा झाल्यावर भाचीला राहवेना.

"मावशी, तीच ना गं?"

बाईंनी हेडफोन मांडीवर काढून ठेवले. "कुणाचंही पोर असेल गं. एवढ्या वयाची सगळीच पोरं असं म्हणतात."

"अगं, तूच तर घेतला होतास तो आवाज! तीच आहे. दुसरं कोण असणार?"

"ते मला माहीत आहे. पण ओळखू येत नाहीये. ज्यावरून ओळखायचं, ते सगळं मी कापून टाकलं. फार निगुतीने काम केलं गं मी."

भाचीने मशीन बंद करायला हात पुढे केला. बाईंनी तो धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "वाजू दे अजून थोडा वेळ."