भाकरीची शिकवणी

मागच्या उन्हाळ्यात सुमनचा, माझ्या बायकोचा, हात मोडला आणि आमची खानावळ बंद पडली. रोज जेवायला येणारी एकटीदुकटी म्हातारी माणसं कुलूप बघून परत गेली. हात बरा झाल्यापासून ती मला भाकरी थापायला शिकवते आहे.

"मी नसले तरी चूल पेटली पाहिजे," ती सहज म्हणते.

दिवसभर ताटं वाढून थकलेला मी पीठ मळत राहतो. या तयारीत तिच्या नसण्याचा विचार रोज करावा लागतो, त्याचाच शीण जास्त.

काल माझी एक भाकरी टम्म फुगली. सुमन ताट घेऊन भिंतीला टेकून बसली.

"वाढा," म्हणाली.

इतक्या वर्षांत तिला तव्यावरची गरम भाकरी खाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.