खिळ्यावरचा शर्ट

देवानंद गेल्याची बातमी आली तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी बियाण्यावरून हुज्जत घालत होतो. फोन त्याच्या मुलीचा, पल्लवीचा. "काका, बाबा गेले..." एवढंच बोलली. गिऱ्हाइकाला तसंच सोडून मी मागच्या गोडाऊनमध्ये जाऊन बसलो. तिथं खिळ्यावर त्याचा चौकड्याचा शर्ट अजून लटकलेला आहे.

जऊळक्याला माझं कृषी केंद्र आहे. देवानंद एका बियाणे कंपनीचा माणूस, या भागातली दुकानं त्याच्याकडे. बायको अकोल्याला शाळेत शिक्षिका, पोरगी तिच्यापाशी, आणि हा इथं भाड्याच्या खोलीत. कंपनी बदली देईना. एकदा सोमवारी आला तो उतरलेल्या तोंडानं. "शेठ, पोरगी मले पाहुणा म्हनते. काल इचारलं तिनं, पाहुने कधी जानार?" तेव्हापासून त्यानं अकोल्याला दुसरी नोकरी शोधायला घेतली.

पण त्या शोधण्याची तऱ्हा काय सांगावी! आधी दिवसभराचं काम पुरं करायचा. मग गोडाऊनमध्ये जाऊन कंपनीच्या नावाचा टी-शर्ट खिळ्यावर टांगायचा, स्वतःचा चौकड्याचा शर्ट घालायचा, आणि कंपनीचा फोन बाजूला ठेवून स्वतःच्या फोनवरून बोलायचा. मी चिडवायचो, "काहून रे देवा, फोनवर त्यायले शर्ट दिसते काय?"

"त्यायले नाही दिसत. मले दिसते ना."

लोकांना तो नोकरी मागायला फोन करतो असं मला वाटायचं. पण कान दिला तर वेगळंच. कोणाच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तर विचारपूस, कोणाला कुठं जागा निघाल्याचा निरोप. स्वतःचं शेवटी, तेही एका वाक्यात. कामापुरता मामा म्हणणाऱ्यांचा त्याला मनापासून राग होता.

मग दुसऱ्या कंपनीचे एक साहेब माझ्याच दुकानात त्याला भेटायला आले. देवानंदनं त्या दिवशी रजा घेतली होती. अकोल्याची जागा जवळजवळ पक्की. चहा घेता घेता साहेबांनी सहज विचारलं, तुमची कंपनी यंदा कोणतं नवीन वाण आणते, कोणत्या दुकानदाराला काय सूट देते? देवानंदनं कप खाली ठेवला. "साहेब, माह्या कामाचं इचारा, सारं सांगतो. हे कंपनीचं आहे, मले देता येत नाही." साहेब हसले, चहा संपवला आणि गेले. जागा दुसऱ्याला मिळाली.

मी भडकलोच. "अबे, पोरगी पाहुणा म्हनते तुले! सांगतलं असतं तर कोनाचं काय बिघडत होतं?"

तो म्हणाला, "तिनं उद्या इचारलं, बाबा, तुमी अकोल्याले कसे आले, तर काय सांगू?"

माझा राग काही गेला नाही, खोटं कशाला बोलू. वर यानं काय करावं, तर स्वतःच्या साहेबालाच जाऊन सांगितलं की मी अकोल्याला नोकरी पाहून राह्यलो. साहेबानं तोंड फुगवलं ते हंगामभर. शेवटी ज्याच्या वडिलांच्या ऑपरेशनची हा चौकशी करत असे, त्यानंच एक जागा सांगितली. हुद्दा लहान, पण घर जवळ. जाताना देवानंदनं कंपनीचे टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून परत केले. चौकड्याचा तेवढा ठेवला. "राहू दे शेठ, चहाले येत जाईन." पुढं कित्येक वर्षं येतही असे.

मागच्या आठवड्यात पल्लवी आली. वाशीमला एका खाजगी दवाखान्याच्या ऑफिसात आहे ती. आई आता अकोल्याला एकटी. चहा झाला, बापाच्या आठवणी निघाल्या, डोळे पुसून झाले. मग ती चाचरत म्हणाली, "काका, एक माह्यं काम होतं, अकोल्याच्या नोकरीचं. आज रजा टाकूनच आली." पुढं बोलण्याआधी तिनं गळ्यातलं दवाखान्याचं कार्ड काढलं आणि ते कुठं ठेवावं म्हणून इकडंतिकडं पाहू लागली.

मी तिला आत नेलं, शर्ट जरासा सरकवला आणि खिळ्यावर जागा करून दिली.