अप्पांची सर्व्हिसिंगला गेलेली गाडी

आम्ही तिघं हल्ली वर्षातून एखाद-दोनदा भेटतो, तेही कुणाच्या तरी लग्नात. पंगतीत पानं वाढली की आमचा बसू फक्त "ती गाडी..." एवढंच म्हणतो, आणि शेजारच्या पाहुण्यांचं जेवण संपतं तरी आमचं बोलणं संपत नाही. आयुष्यात बाकी काही साठवता आलं नाही, किस्से मात्र आपोआप साठले!

बसू म्हणजे बसवराज, त्याची लोखंड ओतायची फाउंड्री. दिल्याचं उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज होतं. माझं राजारामपुरीत स्पेअर पार्टचं दुकान. आणि गाडी बसूच्या वडिलांची, अप्पांची. साधी पांढरी सेडान, लग्नाबारशाला न्यायची.

अप्पांचं शाहूवाडीकडं भाताचं शेत. शेताच्या अलीकडं लाल मातीची एक चढण. पावसाळ्यात गाडी तिथं हटकून घसरायची, आणि अप्पांचे गुडघे चढ चालायला तयार नसायचे. पुढं पुढं तर ढकलूनही गाडी चढेना. शेत डोळ्यांना दिसेना, तसे अप्पा "विकून टाकूया" म्हणायला लागले. म्हणायचे, आणि मग दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. एक गिऱ्हाईक तर घरी येऊन चहा पिऊन गेलं.

बसूनं नवी जीप घेऊ म्हटलं, तर अप्पा उखडले. "माझी गाडी काय मेली व्हय?"

मग बसूनं ठरवलं, याच गाडीला टर्बो इंजिन बसवायचं आणि चारही चाकांनी ओढणारी करायची.

*

"म्हंजे काय करणार?" अप्पा जेवून उठल्यावर बसूच्या आईनं, अव्वांनी विचारलं.

बसूनं जेवता जेवता चार वाट्या मांडून समजावलं. इंजिनाची ताकद पुढच्या दोनच चाकांना जाते, मागची दोन नुसती फरफटत येतात. आता चारही ओढतील.

अव्वांनी वाट्या गोळा केल्या. "म्हंजे इतकी वर्सं मागची दोन फुकट बसून खाईत हुती?" आणि बसूकडं बघत म्हणाल्या, "या घरात नवीन न्हाय म्हणा ते!"

*

मागच्या चाकांपर्यंत शाफ्टचा लांब दांडा न्यायचा तर गाडीचा तळ कापावा लागणार होता. हे अप्पांना सांगायची छाती कुणाचीच नव्हती. "सर्व्हिसिंगला दिलीया," एवढंच बसूनं त्यांना सांगितलं.

एका संध्याकाळी अप्पा रिक्षा करून थेट गॅरेजवर! इंजिन जमिनीवर, सीटा बाहेर बाकड्यावर, आणि तळाला एवढं भोक की आतून दिल्याचे पाय दिसत होते.

अप्पा दारात उभे राहिले. "दिलीप, अजून किती हाय रं?"

गाडीखालून दिल्या ओरडला, "झालंच की अप्पा! ऑइल तेवढं बदलायचं ऱ्हायलंय!"

"बरं," म्हणून अप्पा रिक्षात बसले.

त्या शेडमधला वेल्डिंगचा वास अजून कुठं आला की पाय तिथंच थांबतात. इतकं मन लावून मी नंतर काहीच केलं नाही.

*

गाडी पहिल्यांदा सुरू केली तो दिवस. चारही चाकं स्टँडवर अधांतरी. मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोचवणारा डबा, आम्ही भंगारातल्या एका जीपचा आणलेला. जागेत काही केल्या बसेना, म्हणून उलटा करून बसवला होता. मी नारळ फोडला. दिल्यानं पहिला गिअर टाकला.

पुढची चाकं पुढं फिरायला लागली. मागची मागं!

शेजारच्या शेडमधले लेथवाले मामा हात पुसत आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "भावकीची गाडी दिसतीया!"

*

सगळं खोलून पुन्हा बसवलं. आता चारही चाकं एका दिशेला. आमच्याकडं नवी गाडी आधी नृसिंहवाडीला देवदर्शनाला जाते, मग बाकी कुठं. अप्पा दिवसभर बाहेरगावी होते, अव्वांना घेऊन निघालो. दर्शन झालं. परतताना अव्वांनी बासुंदीचा डबा मांडीवर घेतला.

रस्ता मोकळा दिसला. बसू म्हणाला, "अव्वा, गंमत बघ!" आणि ॲक्सिलरेटर दाबला.

गाडी पुढं गेली. बासुंदी काही आमच्याबरोबर आली नाही.

"थांबीव," अव्वा एवढंच म्हणाल्या. पदर झटकला. "आज घरात खरं काय ते सांग. साडीवर बासुंदी कशी आली, त्याला मी काय ऑइल बदलत हुतो म्हणून सांगू?"

*

रात्री अप्पा आल्यावर बसूनं जेवताना सगळं सांगितलं. तळ कापला तेही. अप्पांनी ताट संपवलं, हात धुतले. "सकाळी चला शाहूवाडीला. न्हाय चढली तर शेत बी विकायचं, गाडी बी."

पाऊस चांगला लागला होता. अप्पा स्वतः स्टिअरिंगवर बसले. गुडघ्यांना चढ चालवत नव्हता, क्लच मात्र चालत होता! चढणीच्या पायथ्याला त्यांनी सवयीनं गाडी थांबवली. इतकी वर्षं तिथं बाकीच्यांनी उतरायचं आणि मागून ढकलायचं, हा त्या घरचा रिवाज. आणि आम्ही तिघं मुकाट उतरलो की! आम्हीच बनवलेली गाडी, आणि आम्हीच डिकीला हात लावून उभे!

"हईशाऽऽ!" दिल्यानं आवाज दिला.

गाडी हातातून सुटली. आम्ही तिघं चिखलात पालथे. मान वर करेपर्यंत ती निम्मा चढ पार करून गेली होती. वळणावर दिसेनाशी झाली. मग वर शेताच्या बाजूला आवाजही थांबला.

बसू तसाच चिखलात बसून बराच वेळ वर बघत होता.

मग इंजिन सुरू झालं. गाडी सावकाश खाली आली आणि आमच्यासमोर थांबली. बसूनं हाताचा चिखल पँटला पुसला आणि दाराला हात घातला. अप्पांनी काच खाली केली. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"सरका बाजूला," अप्पा म्हणाले. "अजून एकदा जातो."