केळकरांचा डी मेजर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. घरात कॅरीबॅगा साठतात तसे ते आपोआप साठतात. एक ओढायला जावं तर दहा बाहेर पडतात. माझ्याकडचे सगळे आमच्या रविवारच्या बैठकीतले.

बैठक भरते सदाशिव पेठेत, केळकरांच्या फ्लॅटमध्ये. केळकर म्हणजे बँकेतून रिटायर झालेले, पाश्चात्त्य संगीताचे कट्टर भक्त आणि एका जुन्या रेकॉर्ड प्लेअरचे मालक. त्यांच्या पत्नी सुमनताई, विश्रांतवाडीचे शेखसर आणि कात्रजहून दोन बस बदलून येणारी मी, एवढेच आम्ही नेमाचे. दर रविवारी शेवटी एकच रेकॉर्ड लागते, डी मेजर या पट्टीतला एक व्हायोलिन कॉन्चेर्तो, म्हणजे व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांची तीन भागांची रचना. ती संपली की लय, पट्टी आणि मूड यांवर चर्चा. लय आणि पट्टी केळकर सांगणार. आपल्या वाट्याला मूड!

*

एकदा शेखसर म्हणाले, मधला संथ भाग त्यांना उदास वाटला.

"उदास?" केळकरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण बसनं येता, त्यामुळे असेल."

मी आपलं सावधपणे 'प्रसन्न' म्हटलं. तर नेमकं कुठं प्रसन्न वाटलं ते दाखवा म्हणाले. तेव्हापासून मी फक्त 'छान' म्हणते.

*

त्याच संथ भागात एकदा स्वयंपाकघरात कुकरनं शिट्टी दिली. केळकर कळवळले. "अगं, मूड गेला ना!"

सुमनताई आतूनच म्हणाल्या, "डाळ कच्ची राहिली की बघते तुमचा मूड."

*

माझ्या मुलीनं मला ब्लूटूथ स्पीकर दिला. मोठ्या हौसेनं मी तो बैठकीत नेला आणि मोबाईलवर तेच रेकॉर्डिंग लावलं. तोच वादक, तोच ऑर्केस्ट्रा. पण केळकरांच्या प्लेअरपेक्षा हे चक्क सावकाश वाजत होतं, आणि सूरही खाली.

"चार्जिंग कमी असेल," केळकर म्हणाले.

शेखसरांनी बिचाऱ्यांनी उठून फोन चार्जिंगला लावला! पूर्ण चार्ज झाल्यावर पुन्हा ऐकलं. फरक शून्य. तेव्हा केळकरांनी फोनची कंपनी विचारली आणि सांगितल्यावर नुसतं "हं" केलं. इतका राग आला मला!

*

मग एक परदेशी ऑर्केस्ट्रा पुण्यात आला, नेमका हाच कॉन्चेर्तो घेऊन. आम्ही पुढच्या रांगेची तिकिटं काढली. सगळं सभागृह श्वास रोखून ऐकत होतं. केळकरांची मान हलत होती, पण आडवी. मध्यंतरात शेजारच्या गृहस्थांनी कसं वाटलं म्हणून विचारलं.

"लांबून आलेत," केळकर म्हणाले. "दमलेत."

पट्टीसुद्धा कशी उतरली आहे ते त्यांनी त्या गृहस्थांना समजावून दिलं. जाताना त्या गृहस्थांचाही चेहरा पडला होता.

*

आता झोयाचं सांगते. झोया ही शेखसरांची नात. व्हायोलिन शिकते. शहरातल्या एका ऑर्केस्ट्रासाठी मुलं निवडायची होती, तिची ऑडिशन मंगळवारी होती आणि वाजवायचा होता याच कॉन्चेर्तोचा संथ भाग. वर्षभर पोरीनं दुसरं काही केलं नव्हतं. केळकरांचा कान तयार, म्हणून शेखसर तिला आदल्या रविवारी बैठकीत घेऊन आले.

झोयानं वाजवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

केळकरांनी डोळे उघडले. "सूर उतरलेला आहे. लय मरगळलेली. रेकॉर्ड ऐका, म्हणजे कळेल." आणि लावली रेकॉर्ड. खरोखरच ती वरच्या सुरात होती आणि भराभर चालली होती.

झोयानं व्हायोलिन पेटीत ठेवलं. "नाना, मी मंगळवारी नाही जात," ती आजोबांना म्हणाली. शेखसर रुमालाची घडी मोडत आणि घालत राहिले.

तेवढ्यात सुमनताई हात पुसत बाहेर आल्या.

"तिचं बरोबर आहे. तुमची रेकॉर्ड जोरात फिरते."

"काहीतरीच! माझा प्लेअर..."

"कडेला वेगाचं बटण आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत मी ते केसभर पुढं सरकवते. जोरात फिरलं की सूर चढतो. इतक्या वर्षांत तुम्हाला कळलं नाही."

केळकरांनी हळूच विचारलं, "पण का?"

"मंडळी उठल्याशिवाय मला जेवायला बसता येत नाही. तेवढीच दोन मिनिटं लवकर."

केळकर उठले, चष्मा लावला, बटण जागेवर आणलं आणि संथ भाग पुन्हा लावला. झोयाला खुणेनं वाजवायला सांगितलं. तिचं व्हायोलिन आणि रेकॉर्ड, सुरात सूर. संपल्यावर केळकर तिला म्हणाले, "मंगळवारी असंच वाजव." शेखसरांकडे वळून म्हणाले, "उदासच आहे."

मग त्यांनी बटण पुन्हा पुढं सरकवलं, आधी होतं त्याच्याही पुढं, कॉन्चेर्तोचा शेवटचा भाग लावला, आणि आम्हाला तसंच ऐकत ठेवून आत गेले, सुमनताईंचं ताट वाढायला.