मराठी ऐकलं आणि दार उघडलं

चौथीत शाळेनेच माझा नाद सोडला. मग एका बँकेतल्या साहेबांचा स्वयंपाकी म्हणून कोलकात्याला आलो. त्यांची बदली झाली, मी इथेच राहिलो. आता इथल्याच सॉल्ट लेक भागात एका कंपनीत चहा करतो. ही कंपनी लोकांच्या बँककार्डांचे नंबर सांभाळते. सांभाळणाऱ्या पोरांना स्वतःचा कप सापडत नाही, ते सोडा.

नंबरांची मशीनं असतात त्या खोलीचं दार गळ्यातलं कार्ड टेकवल्याशिवाय उघडत नाही. आत चहा न्यायचा म्हणून मलाही कार्ड दिलेलं. नियम एकच: आपल्यामागून दुसऱ्याला आत घ्यायचं नाही, घेतलं तर नोकरी गेली. हे कंपनीवाल्यांनी तासभर इंग्रजीत समजावलं. सगळ्यात जोरात टाळ्या माझ्याच.

पुढे नंबर नीट सांभाळतात का, याच्या तपासणीचा आठवडा आला. साहेब लोकांचे चेहरे बारावीला बसल्यासारखे. मी ट्रे घेऊन निघालो तर दारापाशी एक गृहस्थ फोनवर, "अगं, तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद कर!"

मी तिथेच विरघळलो. "कुठले हो तुम्ही?"

"सातारचे. काका, माझं कार्ड खाली राहिलं बघा."

"अहो, मी आहे ना!"

दार उघडून पायाने धरून ठेवलं. खुर्ची दिली, आल्याचा चहा दिला, वर सगळी मशीनं फिरवून दाखवली, जशी काही मीच आणलीत. आतल्या पोरांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी कंपनीच्या साहेबांनी बोलावलं. शेजारी सातारकर बसलेले. तपासणी करायला आलेले तेच!

"काका, मला हे लिहावं लागणार."

"लिहा की. चहा कसा होता तेही लिहा."

ते हसले, साहेब नाही. बंगाली माणूस, मराठी कळेना, त्याला वाटलं आम्ही दोघं मिळून त्यालाच हसतोय. "आज ही निकालो इसको!"

चौथी शिकलेल्याला या वयात दुसरीकडे कोण ठेवणार? सातारकरच मधे पडले. म्हणाले, काढू नका, नीट शिकवा, या वेळी हिंदीत.

नोकरी राहिली, कार्ड गेलं. आता दार वाजवून चहा बाहेरूनच देतो. नवी पोरं आली की मला पुढे उभं करतात: हाच तो माणूस. परवा पुण्याच्या एका पोरीने विचारलं, "काका, मग काय शिकलात?"

म्हटलं, "मराठी माणूस दारात दिसला की त्याला आत घ्यायचं नाही. आपल्या लोकांना हे न शिकवता येतं गं. मलाच तेवढी शिकवणी लावावी लागली."