इथून दार दिसत नाही

मी माझ्या सासऱ्यांना आत टाकलं होतं.

हे वाक्य माझं नाही, त्यांचंच. त्यांच्या मित्राला, पोपटरावांना, रोज फोनवर सांगायचे, "सूनबाईंनी आत टाकलंय आम्हाला. बघा कुठे जामीन मिळतो का."

घरात सगळे हसायचो. मी जरा जास्तच.

आज अप्पांना जाऊन एक वर्ष झालं.

अप्पांचं उभं आयुष्य मार्केट यार्डात गेलं. पालेभाजीचा गाळा होता. तो सोडला तेव्हा बिबवेवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्ये, अगदी दाराला लागून त्यांनी लोखंडी कॉट टाकली आणि गाळ्यावर बसावं तसे तिथे बसले.

दार दिवसभर उघडं. जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तपासली जायची.

"जोशीबाई, ही मेथी कालची आहे. नुसतं पाणी मारलंय. फसलात तुम्ही."

जोशीकाकू फणकारायच्या. आणि दुसऱ्या दिवशी भाजी आणली की आधी अप्पांना दाखवायच्या.

मी इंटिरियर डिझायनर. माझे क्लायंट घरी यायचे आणि मला त्या कॉटची लाज वाटायची.

हो, लाजच. आता गोड शब्द कशाला शोधू?

एकदा नितीनला, माझ्या नवऱ्याला, म्हणालेसुद्धा, "आपला हॉल एसटी स्टँड वाटतो रे." अप्पा चार फुटांवर होते. कान शेवटपर्यंत तिखट होते त्यांचे.

मग रिनोव्हेशन काढलं. अप्पांना आतली मोठी खोली दिली. बेडची उंची ठरवायला त्यांचं टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं. बाथरूममध्ये धरायला दांड्या, न घसरणाऱ्या टाइल्स. आणि साउंडप्रूफ स्लायडिंग डोअर, त्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून.

त्रास होतो असं ते कधी म्हणाले होते? कधीच नाही.

प्रत्येक क्लायंटला मी दोन पानी फॉर्म भरायला देते. पहिलाच प्रश्न असतो, दिवसभर तुम्ही घरात कुठे बसता, आणि का?

अप्पांना नाही दिला. घरच्या माणसाला कुठे फॉर्म देतात!

कॉट भंगारात गेली. खोली बघून अप्पा म्हणाले, "झकास आहे हो, डिझायनरबाई. पण इथून दार दिसत नाही."

"बाल्कनी दिसते ना अप्पा! किती ग्रीनरी आहे बघा."

"पालेभाजीत जन्म गेला माझा. आणखी किती हिरवं बघू?"

मी हसले. मला तो जोक वाटला.

त्या खोलीचे फोटो मी इथेच टाकले होते, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असतील. 'लकी फादर-इन-लॉ' अशा कमेंट्स आल्या होत्या.

'बिफोर'चा फोटो काढताना मी म्हटलं होतं, "अप्पा, जरा उठता का? फ्रेममध्ये येताय."

उठले बिचारे.

त्यामुळे कॉटवर बसलेल्या अप्पांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. रिकाम्या कॉटचा आहे.

मग दिवसातून दहा वेळा आतून हाक यायची. "कोण आलंय गं?"

"कोणी नाही अप्पा, कुरिअर."

"कोणी नाही अप्पा, जोशीकाकू होत्या. गेल्या."

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी दुपारी क्लायंट आले. नवरा-बायको, आमचा हॉल बघायला. बेल वाजली.

"कोण आलंय गं?"

"कोणी नाही अप्पा. पडा तुम्ही."

आणि मी स्लायडिंग डोअर ओढून घेतलं. त्या बाईंना ते फारच आवडलं. "अय्या, अजिबात आवाज येत नाही हो!"

ते गेल्यावर मी चहा घेऊन आत गेले. अप्पा झोपेतच गेले होते.

डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. त्यांनी हाक मारली असेल का, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही.

मारली असेल तरी मला ऐकू आली नसती. तशी सोय मीच केली होती.

नितीनने सोफा सरकवला, सेंटर टेबल उचललं आणि अप्पांना हॉलमध्ये आणून ठेवलं. दाराशी. कॉट होती तिथेच. दार सताड उघडं. अख्खी बिल्डिंग आली, यार्डातली माणसं आली. अप्पांना भेटायला एवढी माणसं कितीतरी महिन्यांनी आली होती.

पोपटराव त्यांच्या उशाशी बसले. कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सुटलास गड्या. झाला बघ जामीन."

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आज सकाळी बेल वाजली. दारात पोपटराव, हातात मेथीची जुडी.

भावपूर्ण श्रद्धांजली वगैरे लिहायचा हक्क मला नाही. मी फक्त त्या खोलीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं सांगितलं,

"अप्पा, पोपटराव आलेत. मेथी आजची आहे."

माफ करा, अप्पा.